दांडी वाढली, येतो

"दांडी वाढली. येतो."

चंद्रावरून आलेले हे शेवटचे शब्द. त्यानंतर ढेकळ्या बोललाच नाही.

ढेकळ्या म्हणजे वाघजाई पठारावरच्या केंद्राने चंद्राच्या दक्षिण टोकाकडे धाडलेला रोबॉट. सहा चाकं, दोन हात, पाठीवर उन्हाची वीज करणारी पाटी. चंद्राची ढेकळं वेचून आणायचं काम, म्हणून ते नाव. त्याच्या डोक्यावर एक दांडी होती. घडीच्या छत्रीच्या दांड्यासारखी ती हवी तेव्हा लांब व्हायची, हवी तेव्हा आखडायची. तिच्या टोकाला अँटेना (संदेश धाडणारं आणि झेलणारं उपकरण) बसवली होती. दांडी नीट असली, तर ढेकळ्याचा शब्द न् शब्द पठारावरच्या मोठ्या तबकडीत अलगद येऊन पडायचा. त्या तबकडीला केंद्रातले सगळे 'परात' म्हणत.

तीन शब्दांवर सगळं केंद्र डोकं लावून बसलं. शेवटी यतीनकाकांनी, म्हणजे ढेकळ्याची यंत्रं जुळवणाऱ्या इंजिनिअरांनी, अर्थ लावला.

"दांडी लांबायची थांबलीच नसणार. वाढत गेली. मग तोल गेला आणि गडी खड्ड्यात कोसळला. जाता जाता शहाण्यासारखं 'येतो' म्हणाला बिचारा."

हे ऐकून एकदोघांनी डोळे पुसले. आपल्याकडे निरोप घेताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. मग पुढचे काही दिवस सगळे जण ढेकळ्याला एकच आज्ञा पाठवत राहिले, 'दांडी आखड, दांडी आखड.' चंद्रावरून हूं नाही की चूं नाही.

श्रवणकक्षाच्या कोपऱ्यात, कानांवर हेडफोन लावून, ऋजुता बसून असायची. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तसं ते एरवीही फारसं नसायचं.

ऋजुता यंदा पाचवीत होती. केंद्राच्या प्रमुख डॉ. हेमांगी सप्रे ही तिची आत्या. ऋजुताचे आईबाबा आणि तान्हा भाऊ नाशिकला. शहरातले हॉर्न, शाळेची घंटा, मधल्या सुट्टीतला कल्ला हे सगळं तिच्या कानांत खिळ्यासारखं शिरायचं. ती टेबलाखाली जाऊन बसायची. डॉक्टरांनी सांगितलं, हिला ऑटिझम (स्वमग्नता) आहे. हा काही आजार नव्हे, हिच्या मेंदूची घडणच निराळी आहे. मग ठरलं की काही महिने शांत जागी राहू दे, शाळा पडद्यावर करू दे.

पठारावर शांतता होती खरी. पण तिच्या वयाचं दुसरं पोर औषधालाही नव्हतं.

तिला सोडायला आलेली आई निघताना म्हणाली होती, "येते हं, बाळा." ऋजुता फाटकापाशी जाऊन बसली. ऊन कललं, गवतावर सावल्या लांबल्या, आत्या दोनदा बोलवायला आली. ऋजुता उठेना.

"आई येते म्हणाली."

"अगं, तसं म्हणायची पद्धत असते. ती आता सुट्टीला येईल."

"मग येते का म्हणाली?"

ऋजुता त्या दिवसापासून 'येते' म्हणणाऱ्या माणसाकडे बघेनाशी झाली.

ढेकळ्या तेव्हा केंद्रातच होता. त्याला मराठी शिकवायची म्हणून आत्या त्याला सगळीकडे हिंडवायची. तो स्वयंपाकघरात असायचा, अंगणात असायचा, संध्याकाळी आत्या देवापुढे दिवा लावून शुभंकरोती म्हणायची तेव्हाही एका बाजूला उभा असायचा. ऋजुताची आणि त्याची गट्टी जमली. तो तिच्या डोळ्यांत बघायचा आग्रह धरत नसे. ती बोटांनी टेबलावर टकटक करू लागली, तर 'थांब' म्हणत नसे. तिने एकाच विषयावर तासन्तास प्रश्न विचारले, तरी जांभई देत नसे.

चंद्रावर निघायच्या दिवशी त्याला पेटीत घालताना तो म्हणाला, "ऋजुता, येतो."

"खरंच येणार, की नुसतं म्हणतोस?"

"नुसतं म्हणणं म्हणजे काय?" ढेकळ्याने विचारलं.

ऋजुता हसली. पठारावर आल्यापासून पहिल्यांदाच.

आता त्याच ढेकळ्याचा निरोप सगळे जण नुसतं म्हणणं समजत होते.

त्या सकाळी श्रवणकक्षात बैठक भरली. आत्याचा सोमवारचा उपास होता. तिने हातातलं ताक बाजूला ठेवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "चंद्राच्या त्या भागात आता संध्याकाळ होत आली आहे. तिथली तिन्हीसांज आपल्यासारखी घटकाभराची नसते, कितीतरी दिवस रेंगाळते. पण एकदा का रात्र झाली, की गोठवणारी थंडी. ढेकळ्या नाही, तर ओसरीला जागं ठेवून काय करायचं? उद्या तिला निजवू."

ओसरी म्हणजे ढेकळ्याला चंद्रावर उतरवणारं यान. त्यात ऊब होती, मोठी अँटेना होती, ढेकळ्याला आत घेणारं दार होतं, आणि दारावर खुणेचा दिवा होता. ओसरी निजली, की हे सगळं कायमचं बंद. मग कुणी दाराशी आलं, तरी ते उघडणार नव्हतं.

ऋजुता हेडफोन घट्ट धरून बसली.

"यतीन," आत्या म्हणाली, "मोहीम देवाचं नाव घेऊन सुरू केली, तशीच संपवू. उद्या सकाळी परातीसमोर एक नारळ वाढव."

ऋजुताची टकटकणारी बोटं थांबली.

नारळ वाढव?

नारळ परातीसमोर वाढत नाही. झाडावर वाढतो. यतीनकाका उद्या त्याला दगडावर आपटणार. म्हणजे फोडणार. मग आत्या 'फोड' का नाही म्हणाली?

आणि तिला ती बांगडी आठवली. थंडीचे दिवस होते, आत्या तिळाचे लाडू वळत होती. ओट्यावर हात आपटला आणि हिरव्या बांगडीचे तुकडे झाले. "अगं बाई, बांगडी वाढली!" आत्या म्हणाली. ऋजुताने तुकडे गोळा करून जोडून पाहिले. फूटपट्टी लावली. बांगडी तसूभरही वाढली नव्हती. तिने तसं सांगितलं, तेव्हा आत्या हसत म्हणाली होती, "मोडली म्हणू नये बाळ, वाढली म्हणावं. अशुभ शब्द तोंडून काढू नये."

ढेकळ्या तेव्हा ओट्याशेजारीच उभा होता. त्याच्या छातीवरचा हिरवा दिवा लुकलुकला होता. नवा शब्द शिकला, की तो लुकलुकायचा.

ऋजुता उठून उभी राहिली. यतीनकाका काहीतरी सांगत होते. कुणाचं बोलणं कुठे संपतं आणि आपण कधी बोलायचं, हे तिला कधीच नीट कळायचं नाही. ती खिडकीकडे बघत मोठ्याने म्हणाली,

"दांडी मोडली."

"काय?"

"दांडी वाढली म्हणजे मोडली. आत्याची बांगडी वाढली तशी. उद्या नारळ वाढणार तशी. तो कोसळला नाही. त्याची दांडी मोडली आणि तो येतोय."

यतीनकाका हसले. "अगं ऋजू, यंत्राला कुठे गं शुभ-अशुभ! तो काय वटपौर्णिमा करतो?"

पण आत्या हसली नाही. तिचा हात आपोआप बांगड्यांकडे गेला होता.

"यतीन, त्याला मराठी मीच शिकवली," ती म्हणाली. "माझ्या तोंडात 'मोडली' शब्द येत नाही. मग त्याच्या तोंडी कुठून येणार?"

"बरं, मोडली म्हणू. दांडी मोडता मोडता त्याने तेवढा निरोप धाडला म्हणू. पण तो चालतोय कशावरून? आम्ही सगळे आवाज तपासलेत. काहीही नाही."

"शीळ आहे," ऋजुता म्हणाली.

"कसली शीळ?"

"त्याची. बारीक. परवाच्या आधीपासून येतेय."

यतीनकाका डोळे विस्फारून बघत राहिले. "आणि तू हे आत्ता सांगतेस?"

"मला वाटलं, तुम्हालाही ऐकू येतेय."

त्या बोलण्यातला एकटेपणा बाकी कुणाला कळला की नाही कोण जाणे, पण आत्याला कळला. आपल्याला जे स्पष्ट ऐकू येतं ते सगळ्यांनाच येत असेल, अशा समजुतीने ही पोर आयुष्यभर भर बाजारात एकटी उभी होती. आत्या तिच्याजवळ गेली, पण अंगाला हात लावला नाही. ऋजुताला ते आवडत नसे. शेजारची खुर्ची ओढून बसली.

"तू कुठला आवाज ऐकतेस? गाळलेला, की कच्चा?"

"कच्चा. तो सुपात तांदूळ पाखडल्यासारखा येतो. मला बरं वाटतं."

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आकाशातून येणारा आवाज म्हणजे नुसती खरखर. ऐकणाऱ्याला त्यातून काही लागत नाही. म्हणून केंद्रात एक संगणकीय चाळणी बसवली होती. नको ते आवाज काढून टाकायचे आणि उरलेलं माणसांना ऐकवायचं, हे तिचं काम. यंत्रं थंड ठेवणाऱ्या पंख्याची एक बारीक शीळ सतत यायची, म्हणून चाळणीला शिकवलं होतं की अशी शीळ आली की टाकून दे. चाळणीने ढेकळ्याची शीळही निमूटपणे टाकून दिली. मोठी माणसं चाळणीतून खाली आलेलं ऐकत होती. ऋजुता चाळणीत पडण्याआधीचं सगळंच ऐकत होती.

"ती आपल्या पंख्याचीच शीळ असणार," यतीनकाका म्हणाले.

"नाही. पंख्याची सरळ आहे. याची चढते-उतरते. इथल्या बर्फासारख्या गार खोलीत त्याला तपासायला ठेवलं होतं, तेव्हाही त्याची शीळ उतरली होती."

आत्याने मान डोलावली. ढेकळ्याच्या पोटात एक स्फटिक (नियमित आकाराचा चकचकीत खडा) आहे. तो थरथरतो, आणि त्या थरथरीवर त्याचा सूर ठरतो. दांडी मोडली तर शब्द पोचत नाहीत, पण तो नुसता सूर बारीक शीळ होऊन पोचू शकतो. स्फटिक थंड झाला की सूर किंचित उतरतो, तापला की चढतो. किती किंचित? तुमच्या-माझ्या कानाला कळणारही नाही इतका.

"वाद कशाला?" आत्या म्हणाली. "पंखा बंद कर."

पंखा घरघरत थांबला. कच्चा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. आधी फक्त खरखर. मग, जणू दूर डोंगरापलीकडे कुणीतरी एकटंच गुणगुणत चाललंय, अशी एक केसाएवढी शीळ. पंख्याची असती, तर पंख्याबरोबर गेली असती. ती गेली नाही.

यतीनकाका खाली बसले.

"बोटांनी दाखवतेस?" त्यांचा आवाज आता निराळाच होता. "कधी चढते, कधी उतरते?"

त्यांनी गेल्या दिवसांचा साठवलेला कच्चा आवाज भरभर वाजवला आणि ऋजुताने डोळे मिटले. सूर चढला की उजवं बोट, उतरला की डावं. हीच तिची टकटक, जी शाळेत बाईंनी कितीदा थांबवली होती. यतीनकाकांनी चंद्राचा नकाशा उघडला. तिथे सूर्य क्षितिजालगत असतो, त्यामुळे एकेका खडकाची सावली लांबच लांब पसरते. ढेकळ्याने शेवटचा निरोप धाडला त्या जागेपासून ओसरीपर्यंतच्या वाटेवर कुठे ऊन, कुठे सावली, हे त्यांनी रेघांनी दाखवलं. मग ऋजुताची बोटं आणि नकाशावरचे पट्टे जुळवत गेले. डावं, सावली. उजवं, ऊन. पुन्हा डावं. मोठ्या खडकाची लांब सावली, आणि तिचं डावं बोट तेवढाच वेळ टेबलावर दबलेलं.

"येतोय की गं हा," यतीनकाका पुटपुटले. "घरी येतोय."

"तो म्हणालाच होता," ऋजुता म्हणाली.

ओसरीला निजवायचं रद्द झालं. पण तिच्याकडे वीज मोजकीच उरली होती. आत्याने ऊब कमी करायला लावली, मोठी यंत्रं बंद करायला लावली. एकच गोष्ट बंद करू दिली नाही, ती म्हणजे दारावरचा दिवा.

"तिन्हीसांजेला दार लावून घेऊ नये, दिवा असू द्यावा," ती म्हणाली. यावर यतीनकाकांनी काही थट्टा केली नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. ढेकळ्या गोगलगायीसारखा चालत होता आणि त्याच्यामागून अंधार येत होता. ऋजुता कोपऱ्यातली जागा सोडेना. आत्या देवाचं आटपून तिच्याजवळ येऊन बसायची. कधी जपमाळ ओढायची, कधी नुसतीच बसायची.

"आत्या," एकदा ऋजुता म्हणाली, "मला स्वमग्न का म्हणतात? मी स्वतःत नसतेच. मी सगळं बाहेरचंच ऐकत असते."

आत्याची माळ थांबली.

"शब्द ज्यांनी केला, ते बाहेरून बघत होते ना. त्यांना तू गप्प दिसलीस. आत काय चाललंय ते कसं दिसणार? हे बघ, माझ्या हातात बांगड्या आहेत. सकाळी भरल्या तेव्हा जाणवल्या. आता जाणवत नाहीत. का? तर माझा मेंदू म्हणतो, हे रोजचंच आहे, काय लक्ष द्यायचं! तो आधीच अंदाज बांधून मोकळा होतो आणि बाकीचं टाकून देतो. बहुतेकांच्या मेंदूत अशी एक चाळणी असते."

"मला फ्रॉकचं लेबल दिवसभर टोचतं."

"हो ना. तुझ्या चाळणीची भोकं निराळी आहेत. तुझा मेंदू अंदाजावर कमी आणि समोर खरोखर जे आहे त्यावर जास्त विसंबतो, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. अजून सगळं उलगडलेलं नाही. पण म्हणून कुकरची शिट्टी तुला मारल्यासारखी लागते, आणि म्हणूनच ढेकळ्याची शीळ तुझ्यापर्यंत पोचते. त्रास आणि देणगी एकाच वाटेने येतात गं."

"ऑटिझम असलेल्या सगळ्यांना ऐकू येईल ती शीळ?"

"नाही. कुणाला सूर कळतील, कुणाला नकाशे, कुणाला शब्द. कुणी एका किड्याच्या मागे लागून त्याच्यावरच्या पुस्तकाचं पान न् पान पाठ करेल. कुणी बोलणारही नाही, आणि काही जगावेगळं करून दाखवणारही नाही. म्हणून ते मूल काही कमी होत नाही. देवाने साऱ्यांना एका साच्यातून काढलं असतं, तर त्याला तरी करमलं असतं का?" आत्या हसली, मग गंभीर झाली. "आणखी एक देणगी तुझ्याकडे आहे. शब्द दिला तर तो खरा मानायची. आम्ही पद्धत म्हणून बोलतो आणि विसरतो. तू विसरत नाहीस."

थोड्या वेळाने ऋजुताने आपण होऊन खुर्ची वीतभर आत्याकडे सरकवली.

त्या दुपारी आईचा फोन आला. ऋजुताने तिला ढेकळ्याची हकिगत सांगितली. फोन ठेवताना आई सवयीने म्हणाली, "बरं बाळा, ये..." आणि थबकली. पलीकडे भाऊ रडत होता. "शनिवारी. दुपारच्या बसने. भाऊला घेऊन," आई म्हणाली. "हे नुसतं म्हणणं नाही."

ऋजुताने भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या शनिवारावर बोट ठेवलं आणि तिथेच बराच वेळ ठेवून उभी राहिली.

पण शनिवारच्या आधीच शीळ थांबली.

शेवटच्या सावलीत ती उतरत उतरत गेली आणि मग नुसती खरखर उरली. यतीनकाकांनी मान खाली घातली. आत्या देवघराकडे गेली नाही. तिथेच हात जोडून उभी राहिली. ऋजुताला फाटक आठवलं, लांबलेल्या सावल्या आठवल्या. ज्या ठिकाणी शीळ होती, तिथली शांतता ती ऐकत राहिली. बाहेर पठारावर वारा सुटला. कुणीतरी चहा आणून ठेवला, तो गार झाला.

मग पडद्यावर ओसरीच्या नावापुढचा दिवा लुकलुकला. कुणीतरी दाराला हात लावला होता. दार उघडल्याची खूण आली. चाकं आत आल्याची खूण आली. शीळ थांबली होती कारण आता ढेकळ्याला तिची गरज नव्हती. त्याने आपली तार ओसरीच्या मोठ्या अँटेनाला जोडली होती.

अक्षरं उमटली. "आलो."

खोलीत एकच आरडाओरडा झाला. ऋजुताने कान झाकले. ते पाहून यतीनकाकांनी आधी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, मग बाकीच्यांना गप्प केलं. सगळे जण आवाज न करता नाचू लागले. एवढी मोठी माणसं, आणि मुकाट नाचतायत!

"चाळणीशेजारी आता कच्च्या आवाजाचीही एक जागा कायमची ठेवायची," आत्या डोळे टिपत म्हणाली. "पुढच्या मोहिमेला तिथे बसायला आणखी निराळे कान शोधू. नाशिकला असतील, नांदेडला असतील. कुठल्यातरी टेबलाखाली बसले असतील."

पडद्यावर नवी ओळ आली.

"उशीर झाला. दांडी वाढली होती. दिवा दिसला. ऋजुता, तू आहेस का?"

सगळे बाजूला झाले. ऋजुता पुढे आली. तिला टंकताना घाई केलेली आवडत नसे, म्हणून कुणी घाई केली नाही.

"आहे," तिने लिहिलं.